देवलांनी शारदेला दिलेला आवाज

संगीत नाटकातलं पद म्हटलं की आपल्याला आधी गाणारा आठवतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या पदांत मात्र आधी पात्र बोलतं. सांगलीजवळच्या हरिपूरला १८५५ साली जन्मलेले देवल अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमीत घडले. त्यांनी एकूण सात नाटकं लिहिली. त्यांतली सहा रूपांतरित. ‘झुंझारराव’ तर शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून घेतलेलं. स्वतंत्र नाटक एकच, १८९९ सालचं ‘संगीत शारदा’.

पैशाच्या लोभानं कांचनभट आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. अशा वेळी मुलीला विचारायची तेव्हा रीतच नव्हती. देवलांनी शारदेची भीती आणि मैत्रिणींची थट्टा पदांतून मांडली, तीही घरात बोलतात तशा साध्या मराठीत. सभेतलं भाषण सभेत राहतं. पद गुणगुणत माजघरात पोचतं.

देवल १९१६ साली गेले. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा ‘सारडा कायदा’ झाला. त्याचं नाव अजमेरच्या हरबिलास सारडांवरून पडलेलं. तरी आपल्याकडे त्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात आणि ते नाव नाटकावरून पडलं असं अनेकांना वाटतं. देवलांच्या पदांना याहून मोठी पावती कोणती?