कामगार संघटनेत का सामील होतात? : मुंबईच्या गिरणी संपाच्या संदर्भात एक विवेचन

कामगार संघटनेचे सभासद का होतात, या प्रश्नाचे ‘अधिक वेतनासाठी’ हे प्रचलित उत्तर अपुरे आहे. संघटनेने मिळविलेले लाभ वर्गणी न भरणाऱ्यालाही मिळत असतील, तर निव्वळ हिशेबी माणूस सभासद होण्याचे टाळील, असे प्रतिपादन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये केले. प्रत्यक्षात मात्र कामगार संघटित होतात. प्रसंगी मोठी किंमत मोजूनही होतात. मुंबईच्या गिरणी कामगारांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार किमान २५ टक्के कामगार सभासद असलेल्या एकाच संघटनेस ‘प्रातिनिधिक’ दर्जा मिळत असे. हा दर्जा गुप्त मतदानाने नव्हे, तर सभासद-नोंदींवरून ठरे. कापड उद्योगात तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता व त्याने केलेला करार सर्वांवर बंधनकारक असे. तरीही १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. सामंतांच्या संघटनेस वाटाघाटीचा कायदेशीर अधिकार नव्हता.

या निवडीमागे चार प्रेरणा दिसतात. पहिली आर्थिक : अभियांत्रिकी व रासायनिक कारखान्यांतील वेतन गिरणी कामगारांच्या वेतनापुढे गेले होते. दुसरी सुरक्षिततेची : बदली कामगारास आज काम मिळेल की नाही, हे गिरणीच्या दारात गेल्यावरच कळे, म्हणून बदलींना कायम करण्याची मागणी पुढे आली. तिसरी सामाजिक : गिरणगावातील चाळी, खानावळी व गावकऱ्यांच्या सामाईक खोल्या यांमुळे कामगाराचा निर्णय एकट्याचा राहत नसे, संप मोडणाऱ्यास भावकीत मान उरत नसे. चौथी प्रेरणा प्रतिनिधित्वाची : उपरोक्त कायदाच रद्द करावा, ही संपाची एक प्रमुख मागणी होती.

संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. हजारो कुटुंबांची उपजीविका मात्र गेली. केवळ नफातोट्याच्या निकषावर ही निवड चुकीची ठरेल. परंतु आपले म्हणणे कोणी मांडावे हे आपणच ठरवावे, ही आकांक्षा त्या हिशेबात मावत नाही. कायद्याने मान्य केलेला प्रतिनिधी आणि कामगारांनी स्वीकारलेला प्रतिनिधी यांत अंतर पडले, की संघर्ष मिटत नाही. तो कायद्याच्या चौकटीबाहेर जातो, हाच या संपाचा बोध होय.