‘मी व्यवसाय करतो’ की ‘करते’?

आजचा एपिसोड एका छोट्या वाक्याबद्दल आहे.

आमची टीम छोट्या व्यावसायिकांसाठी नोंदणीचं ॲप बनवत होती. मराठी स्क्रीन्स माझ्याकडे होत्या. टेस्टिंगसाठी मी फोन आईच्या हातात दिला. ती गेली बारा वर्षं घरून मसाले विकते. पहिल्याच स्क्रीनवर टिक करायला लिहिलं होतं, ‘मी व्यवसाय करतो’. तिने वाचलं आणि फोन बाबांकडे सरकवला. “अहो, हे तुमचं दिसतंय.” बाबा रिटायर झालेत. व्यवसाय आईचा आहे!

चूक माझी होती. इंग्रजी वाक्यात ‘मी’ बाई की पुरुष, ते कळत नाही. मराठीत क्रियापद ते लगेच सांगून टाकतं. मी स्वतः ‘करतो’ म्हणतो, म्हणून तेच टाइप केलं.

ही फक्त आमच्या घरातली गोष्ट नाही. २०११ साली गौचर, फ्रीसन आणि के या संशोधकांनी नोकरीच्या इंग्रजी जाहिराती तपासल्या. पुरुषी वळणाचे शब्द असले की स्त्रियांना ती नोकरी कमी आवडायची. ‘मला जमणार नाही’ म्हणून नव्हे, तर ‘ही जागा माझी नाही’ म्हणून. तिथे तर नुसते शब्द होते. आपल्याकडे व्याकरणच बोलतं.

नामांचंही तेच. ‘मालकीण’ म्हणजे धंद्याची मालक, की मालकाची बायको? ‘डॉक्टरीणबाई’ म्हटलं तरी हाच घोळ.

मग काय, प्रत्येक ठिकाणी ‘करतो/करते’ लिहायचं? चालेल, पण मराठीत आणखी वाटा आहेत. ‘मी व्यवसाय सुरू केला’ हे दोघंही म्हणू शकतात, कारण इथे क्रियापद ‘व्यवसाय’च्या मागे जातं. शाळेतला कर्मणी प्रयोग आठवतोय ना? ‘पासवर्ड विसरलो’ऐवजी ‘पासवर्ड आठवत नाही’. मोठ्या कंपन्यांनाही हे करावं लागलं. तुर्की सर्वनामाला लिंग नसतं, म्हणून २०१८ पासून गूगल ट्रान्सलेट अशा वाक्यांची स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी, दोन्ही इंग्रजी भाषांतरं दाखवायला लागलं.

आम्ही ‘माझा स्वतःचा व्यवसाय आहे’ असं केलं. ‘मालकाचं नाव’ काढून ‘व्यवसाय कोणाच्या नावावर?’ असं विचारलं. या वेळी आईने फोन सरकवला नाही. चष्मा लावला आणि स्वतःचं नाव टाइप केलं.

तुमच्या फोनमधल्या मराठी ॲप्समध्ये असा ‘करतो’ सापडला, तर स्क्रीनशॉट नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!