विमानाचें अंग घडविणारे हात

विमान म्हणजे धातूचा पक्षी, ही समजूत आतां जुनी झाली. आपल्या वायुदलाच्या 'तेजस' विमानाचा सुमारें ९० टक्के पृष्ठभाग संमिश्र द्रव्याचा, म्हणजे मुख्यतः कार्बनच्या बारीक तंतूंचा व राळेचा आहे. वजनांतही या द्रव्याचा वांटा सुमारें ४५ टक्के भरतो. १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यांत तयार झालेल्या तेजसनें उड्डाणही केलें. तेव्हां असें अंग घडविणारा कारागीर कसा तयार होतो, याची विचारपूस आपल्या घरांतून व्हावयास हरकत नाहीं.

काम मोठें कौतुकाचें आहे. राळेंत भिजविलेलें कार्बनचें कापड उणे १८ अंशांच्या शीतगृहांत ठेवितात. बाहेर काढल्यापासून त्याचें आयुष्य तासांनीं मोजावयाचें व त्याची नोंद ठेवावयाची. मग तुकडे सांच्यावर एकावर एक बसवावयाचे. कांहीं उभे, कांहीं आडवे, कांहीं ४५ अंशांत तिरपे, कारण तंतूचें बळ त्याच्या लांबीच्या दिशेसच असतें. वर पिशवी लावून हवा शोषून घेतात आणि ऑटोक्लेव्ह नांवाच्या प्रचंड भट्टींत दाबाखालीं सुमारें १८० अंशांवर भाजतात. वाचकभगिनींस प्रेशर कुकरची आठवण होईल, व ती अगदींच अस्थानीं नाहीं. मात्र कुकरांतला भात बिघडला तर झांकण काढतांच कळतें. येथें दोन थरांमध्यें राहिलेला हवेचा बुडबुडा वरून दिसत नाहीं.

अशा दडलेल्या दोषाची किंमत काय असते? दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिशांचें मॉस्किटो विमान लांकडाचे थर चिकटवून बनवीत. १९४४ च्या नोव्हेंबरांत हिंदुस्थानांतील या विमानांचीं उड्डाणें थांबवावीं लागलीं. पंखांचे सांधे सुटून वैमानिक प्राणांस मुकले होते, आणि चौकशींत चिकटकामांतील दोष उघडकीस आले.

आतां शिक्षणाविषयीं. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत फिटरसारखा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, ही नेहमींची पहिली पायरी. नागपूरच्या शासकीय संस्थेंत तर फ्रान्सच्या दासो कंपनीच्या साहाय्यानें विमानाचा सांगाडा जोडण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालतो. पुढें हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्यें किंवा ओझर येथील वायुदलाच्या प्रशिक्षणशाळेंत उमेदवारी करतां येते. संमिश्र द्रव्यांची खरी विद्या प्रायः अशा कारखान्यांतच, जाणत्या कारागिराच्या हाताखालीं अंगीं मुरते. उमेदवारी संपली म्हणजे नोकरी मिळालीच असें मात्र नव्हे. कायद्यानें तसें बंधन नाहीं, हें पालकांनीं आधींच ध्यानीं घ्यावें. कार्बनची धूळही फुप्फुसांस वाईट, म्हणून मुखपट्टीचा कंटाळा करून चालत नाहीं.

आमच्या सुशिक्षित घरांतून 'आय. टी. आय.' हा शब्द निघतांच चेहरे उतरतात. हात कुशल व वृत्ति चिकट असलेल्या मुलास किंवा मुलीस मग ओढूनताणून पदवीच्या वर्गांत बसवितात, आणि चार वर्षांनीं दोन्ही पक्ष खिन्न होतात. गुणांची बेरीज ज्यांत मोजली जात नाहीं अशी एक परीक्षा या धंद्यांत रोज होते. दुरुस्त केलेला पंख नाण्यानें वा हलक्या हातोडीनें ठोकून पाहतात. थर नीट जुळले असतील तर आवाज खणखणीत येतो, आंत पोकळी असेल तर बद्द. अलीकडे ध्वनिलहरींचीं यंत्रें आलीं आहेत, तरी हा कान तयार करण्याचा पाठ अजून सुटलेला नाहीं.