शिशाचे छर्रे बंद झाले, तर जुन्या दुनळीत घालायचं काय?

कोकणात शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या काही घरांत आजोबांच्या काळातली विलायती दुनळी बंदूक अजून जपलेली असते. या बंदुकांच्या मायदेशात सध्या त्यांच्या मालकांना वेगळाच घोर लागलाय. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये २०२९ पासून शिशाच्या छऱ्यांवर बंदी येणार, असं सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं.

कारण साधं आहे. पाणथळीत पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात. अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी शिसं १९९१ पासूनच बंद आहे.

स्वस्त पर्याय पोलादी छऱ्याचा. नव्या बंदुकीला तो चालतो. जुनीचं दुखणं इथेच सुरू होतं. नळीचं तोंड निमुळतं असतं, त्याला चोक म्हणतात. तिथून जाताना शिसं चेपतं. पोलाद चेपत नाही, मग नळीच फुगू शकते. शिवाय पोलाद हलकं. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८ च्या आसपास. तेवढाच मारा हवा तर छर्रा मोठा आणि वेग जास्त लागतो. पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळीत तर पोलाद घालूच नये.

मग उरतं बिस्मथ. मऊ, घनता ९.८, आणि जुन्या बंदुकांच्या अडीच इंची मापातही मिळतं. पण एक काडतूस पोलादीच्या साधारण तीन-चार पट महाग! गंमत म्हणजे बिस्मथ बहुतेक शिसं शुद्ध करतानाच हाती येतं, आणि त्याचा मोठा पुरवठा चीनकडे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि दर भडकले. टंगस्टनही त्याच यादीत, ते तर आणखी महाग.

वर्षाला दहा-वीस बार काढणाऱ्याला हा खर्च झेपेल. दर रविवारी मातीच्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्याला नाही. काहीजण कारागिराकडून चोक मोकळा करून घेतात, पण नळी पातळ असेल तर तोही मार्ग बंद.

आपल्याकडे अशी बंदी नाही. तरी काडतुसाचं माप मात्र इथेही बघायला हवं. ६५ मिमीच्या जुन्या बंदुकीत ७० मिमीचं काडतूस बसतं, म्हणून फसायला होतं. बार उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. माप नळीवर कोरलेलं नसेल, तर परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून मोजून घ्या.