जुनी शिलाई मशीन घेताय? आधी टाका बघा

शिवणक्लास संपत आला की घरात एकच विषय निघतो: आता मशीनचं काय? नवी घ्यायची तर स्टँड-टेबलासकट सहा-आठ हजारांचा खर्च, झिगझॅगची हवी असेल तर आणखी वर. मग जुनीची शोधाशोध सुरू होते आणि सल्ले देणारेही भेटू लागतात. 'सिंगर दिसली की डोळे मिटून घे', 'जाम असेल तर हात लावू नकोस', 'थांब जरा, सरकार फुकट देतंय.' यातलं थोडं खरं असतं, बरंचसं ऐकीव. नेहमी कानावर येणाऱ्या अशा काही समजुती इथे एकेक करून तपासू.

गैरसमज : जुनी सिंगर म्हणजे प्रश्नच नाही

वस्तुस्थिती : जुन्या काळ्या मशीनचं अंग बिडाचं असतं आणि ते सहसा मोडत नाही, इथपर्यंत बरोबर. पण शिवण चांगली येते ती शटल, सुईचा दांडा आणि कापड पुढे सरकवणारे दाते यांच्या जोरावर. हे भाग झिजतात. शिंप्याच्या दुकानात वीस वर्षं दिवसभर चाललेली नामांकित मशीन आणि कुणाच्या आजीने सणासुदीला झबली-टोपडी शिवलेली साधी मशीन समोरासमोर ठेवली, तर दुसरी उजवी ठरण्याची शक्यता जास्त.

नावावर जाऊ नये याला आणखी एक कारण आहे. सोनेरी नावाचे स्टिकर सुटे विकत मिळतात आणि नव्याने रंगवलेल्या कुठल्याही मशीनवर चिकटवता येतात. खऱ्या जुन्या सिंगरच्या अंगावर क्रमांक ठोकलेला असतो. त्यावरून ती कोणत्या कारखान्यात, साधारण कोणत्या वर्षी झाली हे कळतं. स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा प्रसिद्ध कारखाना 1980 मध्ये बंद झाला. म्हणजे तिथली सर्वांत तरुण मशीनही आज चाळिशी ओलांडलेली आहे. 'क्लाइडबँकची आहे, दहाच वर्षं वापरलीय' असं कुणी म्हणालं, तर पुढचं बोलणं तेवढ्याच भरवशाचं समजावं.

उषा, मेरिट, रीटा अशा नावांच्या काळ्या घरगुती मशीनचे पुष्कळ सुटे भाग बाजारात सहज मिळतात; लुधियानात या भागांचा मोठा उद्योगच आहे. म्हणून नावापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: हिचं शटल आणि बॉबिन केस आपल्या तालुक्याच्या गावात मिळतं का? दुकानदाराने 'मागवून देतो' असं म्हटलं, की ती मशीन स्वस्त राहिली नाही.

गैरसमज : जुन्या सिंगरला लाखोंची किंमत येते

वस्तुस्थिती : 2009 साली सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगर मशीनमध्ये 'लाल पारा' नावाचं अनमोल द्रव्य असतं. मोबाइल सुईजवळ नेला आणि फोन बंद पडला, की पारा आहे असं समजायचं, अशी 'परीक्षा'ही ठरली. लोकांनी भंगारातल्या मशीनना हजारो रियाल मोजले आणि शेवटी पोलिसांना लक्ष घालावं लागलं. त्या मशीनमध्ये बीड आणि पोलाद याखेरीज काहीही नव्हतं. सिंगरने अशा मशिनी लाखोंनी बनवल्या, त्यामुळे त्या दुर्मीळही नाहीत. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या मशीनला जो भाव सांगतात तो बहुधा शोभेच्या वस्तूचा असतो. शिवायला घेणाऱ्याने तो देण्याचं कारण नाही.

गैरसमज : जाम झालेली मशीन भंगारातच जायची

वस्तुस्थिती : माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या मशीनचं चाक हलत नाही, याचं सर्वांत सामान्य कारण वाळून चिकट झालेलं तेल हे असतं. त्यातही आपल्याकडे हाताशी असतं म्हणून खोबरेल घालण्याची जुनी सवय. खोबरेल थंडीत गोठतं आणि कालांतराने त्याचा राळेसारखा थर बसतो. कारागीर अशा मशीनच्या छिद्रांत रॉकेल सोडतो, थोडा वेळ मुरू देतो, चाक मागेपुढे हलवत सोडवतो, घाण पुसून काढतो आणि मग मशीनचं पातळ, पांढरं तेल घालतो. पुष्कळदा एवढ्याने काम भागतं.

मात्र 'जाम' आणि 'गंजलेली' यात फरक आहे. पाठचं झाकण सरकवून आत बघा. तपकिरी चिकट थर असेल तर सौदा करायला हरकत नाही. दांड्यांवर खरखरीत गंजाचे खड्डे पडले असतील तर नमस्कार करून निघा. जाम मशीनचा एक फायदाही आहे: तिला गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे भाव पाडून मागता येतो.

गैरसमज : खाली दोऱ्याचा गुंता होतोय, म्हणजे मशीन बिघडली

वस्तुस्थिती : हे विकणाऱ्यालाही वाटत असतं, आणि म्हणूनच चांगल्या मशिनी कमी भावात हाती लागतात. कापडाच्या खालच्या बाजूला पुंजका जमला, की सगळे बॉबिनला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा वर असतं: दोरा टेन्शनच्या तबकड्यांमध्ये नीट बसलेला नसतो. फूट उचललेला ठेवून वरचा दोरा पुन्हा ओवला की अनेकदा गुंता थांबतो. टाके सुटत असतील तर आधी सुई बदलावी. ती बोथट, वाकडी किंवा उलटी बसवलेली असू शकते. घरगुती सुईला एक चपटी बाजू असते. ती चुकली की टाकाच धरत नाही. नवी सुई नीट बसवूनही टाके सुटले, तर मात्र शटल झिजलंय किंवा त्याचं टायमिंग सरकलंय. टायमिंग कारागीर लावून देतो. झिजलेलं शटल बदलावं लागतं.

म्हणून मशीन बघायला जाताना पिशवीत चार वस्तू घेऊन जा: नवी 14 किंवा 16 नंबरची सुई, लाल आणि पांढरी अशी दोन रिळं, ब्लाउजच्या टू बाय टू रुबियाचा तुकडा आणि जुन्या जीनचा पाय. आधी दोरा न ओवता चाक हाताने फिरवा. पूर्ण फेऱ्यात ते सारख्या जोराने फिरलं पाहिजे. एकाच जागी अडत असेल तर आतलं काहीतरी वाकलं आहे. सुईचा दांडा चिमटीत धरून मागेपुढे हलवा. डोळ्यांना दिसेल इतका खेळ असेल तर दुरुस्ती महागात जाईल. दात्यांवरून बोट फिरवा, टोकं बोचली पाहिजेत. सुईखालच्या पट्टीच्या भोकाला खवले पडले असतील तर ते दोरा कापतात, पण ती पट्टी बदलता येते.

मग वर लाल, खाली पांढरा दोरा ओवून रुबियावर वीतभर सरळ टीप मारा. कापडाच्या वर फक्त लाल आणि खाली फक्त पांढरा दिसला तर ताण बरोबर आहे. खालून लाल ठिपके दिसले तर वरचा ताण ढिला आहे. तो पेच फिरवून तिथल्या तिथे जमतो का बघा. शेवटी जीनच्या पायाची जाड शिवण दुमडून त्यावरून मशीन न्या. तिथे टाके लहान-मोठे झाले किंवा कापड अडकलं, तर जाड कामासाठी ही मशीन नाही. या परीक्षेला दहा मिनिटं लागतात, आणि मशीनच्या नावाने, रंगाने किंवा विकणाऱ्याच्या गोड बोलण्याने जे कळत नाही ते तिच्यात कळतं.

गैरसमज : कारखान्यातली मोठी मशीन घेतली की आयुष्याची काळजी मिटली

वस्तुस्थिती : भिवंडी, उल्हासनगर, सोलापूर अशा ठिकाणी एखादं तयार कपड्यांचं युनिट बंद झालं किंवा त्याने नव्या मशिनी घेतल्या, की जुन्या औद्योगिक मशिनी विक्रीला येतात. भाव मोहात पाडणारा असतो. पण ही मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके मारायला बनवलेली आहे. नवशिक्याच्या हाताखाली कापड कधी पुढे पळालं ते कळतही नाही. तिला घट्ट बसवलेलं जड टेबल लागतं, पुष्कळ मॉडेलना खाली तेलाचं तबक असतं, सुई गोल दांड्याची आणि वेगळ्या मापाची असते. जुनी क्लच मोटर मशीन थांबलेली असतानाही फिरत राहते, वीज खाते आणि घरघरत राहते. सर्व्हो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते, म्हणून घ्यायचीच झाली तर ती बघावी. रोज दहा-बारा ब्लाउज किंवा गणवेशांची ऑर्डर असेल तर औद्योगिक मशीन जरूर घ्या. घरच्या उसवलेल्या शिवणींसाठी आणि उशांच्या अभ्र्यांसाठी ती नको.

गैरसमज : एका मशीनवर सगळं होतं

वस्तुस्थिती : साधी काळी मशीन फक्त सरळ टीप मारते. साडीचा फॉल तिच्यावर लागेल, पण पिकोला झिगझॅग लागतं. कडा दोरे सुटू न देता बांधायला ओव्हरलॉक वेगळी. पिको-फॉलचीच कामं घ्यायची असतील तर जुन्या झिगझॅग मशीनसाठी थोडं थांबावं. तिथे एक जास्तीची तपासणी करा: बऱ्याच मॉडेलमध्ये आतली चक्रं नायलॉनची असतात आणि जुनी झाल्यावर ती तडकतात. प्रत्येक टाक्याचा खटका फिरवून तो टाका प्रत्यक्ष मारून बघा.

गैरसमज : परदेशातून आलेली मशीन केव्हाही चांगली

वस्तुस्थिती : अमेरिकेतली मशीन 110 व्होल्टवर चालते, आपल्या घरात 230 व्होल्ट असतात. पिनचा अडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, मोटर जळते. योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि सुटे भाग मिळण्याचा प्रश्न उरतोच.

गैरसमज : थांबा, सरकार सगळ्यांना फुकट मशीन देतंय

वस्तुस्थिती : व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे 'मोफत शिलाई मशीन योजने'चे संदेश खोटे असल्याचं केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. अशा लिंकवर आधार किंवा बँकेचे तपशील भरू नका. खरी योजना वेगळी आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात शिंपीकामही आहे. पण ती आधीपासून हे काम करणाऱ्यांसाठी, कुटुंबातल्या एकालाच आहे. कौशल्य तपासणी आणि प्रशिक्षणाच्या टप्प्यांनंतर अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं, मशीन घरी येत नाही. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रावर होते. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण किंवा समाजकल्याण विभागांच्या अनुदान योजनाही असतात. त्यांची चौकशी पंचायत समितीत करावी.

गैरसमज : कमी पैशात मिळाली म्हणजे स्वस्त पडली

वस्तुस्थिती : समजा मशीन अडीच हजारांना ठरली. त्यात टेम्पोचं भाडं, नवा पट्टा, शटल, बॉबिन केस, कारागिराची मजुरी आणि स्टँडची लाकडी फळी फुगली असेल तर तिचा खर्च मिळवा. ही बेरीज नव्या मशीनच्या दोन तृतीयांशाच्या वर गेली, तर नवी घ्या. तिला निदान वॉरंटी तरी मिळते. तसंच ऑनलाइन दिसणाऱ्या हातात धरायच्या मिनी मशीनलाही भुलू नका. ती एकाच दोऱ्याचा साखळी टाका मारते, आणि त्याचं एक टोक ओढलं की सगळी शिवण उसवते.

शोधाची सुरुवात जाहिरातींपासून करण्यापेक्षा गावातल्या मशीन दुरुस्तीवाल्याकडून करावी. कुणाकडची मशीन घरगुती वापराची आहे आणि कोण विकायला बसलंय हे त्याला माहीत असतं. शिवाय त्याने विकलेली मशीन बिघडली तर त्याचं दुकान आपल्याला सापडतं. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी मशीन दिसते, पण तिथे टीप मारून बघायची सोय कुठे असते, कुठे नसते. जिथे ती नसेल तिथे भाव कितीही कमी असला तरी पैसे काढू नका.