विकलेल्या जमिनीतले पूर्वजांचे डबोले

आजोबा-पणजोबांनी परसात, देवघराच्या फरशीखाली किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पुरून ठेवलेल्या डबोल्याची हकिकत महाराष्ट्रातील अनेक घराण्यांत सांगितली जाते, मात्र ती सांगितली जात असताना तो परस बहुधा दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो. बँक गावापासून कोसभर दूर आणि चोर-दरोडेखोरांचे भय जवळचे, अशा काळात चांदीचे रुपये, पुतळ्या आणि पाटल्या तांब्यात घालून जमिनीच्या स्वाधीन करणे ही बचतीची रुळलेली रीत होती. पुढे १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि १९९० पर्यंत टिकले, त्या काळात सोने दडवून ठेवण्याला आणखी एक कारण मिळाले. जमीन हातची जाण्याची कारणेही इतिहासात नोंदलेली आहेत : गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीमुळे पश्चिम महाराष्ट्रातील अनेक ब्राह्मण कुटुंबांनी गाव सोडले, कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारा हाच मालक मानला गेला, धरणांखाली गावे बुडाली, आणि उरलेल्या वाड्यांचा भाऊबंदांनी मिळून सौदा केला. अशा परक्या झालेल्या जमिनीतील ठेव्यावर वारसांचा काही हक्क उरतो का, आणि उरत असेल तर तो कसा बजावावा, याचे उत्तर आजही एका जुन्या ब्रिटिशकालीन कायद्यात शोधावे लागते.

१८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम हा तो कायदा होय. ‘निखात निधी’ म्हणजे जमिनीत अथवा जमिनीला जखडलेल्या कोणत्याही वस्तूत दडवलेली किंमतवान चीज, अशी त्याची व्याख्या असल्यामुळे भिंतीत चिणलेली दागिन्यांची डबीही तिच्यात मोडते. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी ज्याला सापडेल, त्याने तो काय आहे, कोठे आणि कोणत्या दिवशी सापडला, हे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि निधी सरकारी कोषागारात जमा करावा किंवा तो हजर करण्याबद्दल जामीन द्यावा, असे मूळ कायदा सांगतो. ही खबर दडवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खबर मिळाल्यावर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावेदारांना बोलावतो, त्यासाठी सूचनेपासून चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानचा दिवस नेमतो, आणि त्या दिवशी निधी कोणाला, कोठे व कसा सापडला याबरोबरच तो कोणी आणि कोणत्या परिस्थितीत पुरला याचीही शक्य तितकी चौकशी करतो.

वारसांचा हक्क या शेवटच्या प्रश्नावर ठरतो. निधी सापडण्यापूर्वीच्या शंभर वर्षांच्या आत तो दावेदाराने स्वतः किंवा ज्याच्यामार्फत दावेदार हक्क सांगतो अशा पूर्वजाने पुरला असावा, असे मानण्यास जागा दिसली, तर जिल्हाधिकारी सुनावणी तहकूब करून दावेदाराला दिवाणी न्यायालयात हक्क शाबीत करण्याची संधी देतो. या तरतुदीत पुरणाऱ्याचा हक्क जमिनीच्या आजच्या मालकीवर अवलंबून ठेवलेला नाही, त्यामुळे जमीन विकली गेली एवढ्याने वारसांचा दावा संपत नाही. असा दावा कोणी केलाच नाही, मुदतीत वाद दाखल झाला नाही किंवा तो फेटाळला गेला, तर निधी बेवारस ठरवला जातो. मग शोधणारा आणि जागेचा मालक यांच्यात आधीचा करार असेल तर त्याप्रमाणे, आणि नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला व उरलेला चौथा हिस्सा मालकाला, अशी वाटणी होते. सरकारला निधी स्वतःकडे घ्यावासा वाटला, तर धातूच्या मोलावर एक पंचमांश अधिक देऊन तो घेता येतो.

शंभर वर्षांची हीच मर्यादा आणखी एका कायद्यात आढळते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधीविषयक कायद्याने किमान शंभर वर्षे जुने नाणे पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेणे खासगी व्यक्तीला मना आहे. म्हणजे ज्या सुमारास कुटुंबाचा वारसाहक्क मावळतो, त्याच सुमारास समाजाचा वारसाहक्क उगवतो, आणि दर वर्षी ही रेषा एका वर्षाने पुढे सरकत राहते.

निधी कधी पुरला गेला, हे सिद्ध करण्याचे पहिले साधन त्या निधीतच असते. ब्रिटिश अमदानीतील रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असे आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. १९४० पासून हे प्रमाण निम्म्यावर आले. हंड्यातील सर्वांत अलीकडचे नाणे १९१८ चे असेल, तर हंडा १९१८ पूर्वी पुरलेला नाही एवढे निश्चित होते, पण तो १९१९ मध्ये पुरला की १९३५ मध्ये, हे नाणे सांगू शकत नाही. ती उणीव जुनी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, दागिन्यांच्या याद्या आणि वाटणीपत्रे भरून काढतात. म्हणूनच काळवंडलेली नाणी चिंच किंवा राखेने घासून लखलखीत करण्याचा मोह आवरावा लागतो, कारण घासण्याने साल पुसट होते आणि त्याबरोबर पुरावाही झिजतो.

प्रत्यक्ष शोधाची सुरुवातही कागदांपासूनच करणे इष्ट ठरते. ‘विहिरीपासून वीस हात, चिंचेच्या बाजूला’ अशी खूण घरात सांगितली जात असली, तरी चिंच तोडलेली, विहीर बुजवलेली आणि जमिनीची पातळी भरावाने वाढलेली असते. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयातील जुने गटनकाशे, गावठाणातील घराची मिळकत पत्रिका, सातबारा व फेरफार आणि दुय्यम निबंधकाकडील जुनी खरेदीखते यांवरून आधी जागेची जुनी रचना मांडावी लागते. धातुशोधक यंत्र त्यानंतरचे. हातातल्या साध्या यंत्राला सुटे नाणे साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंतच जाणवते, मोठे भांडे त्याहून खोल असले तरी कळते. दख्खनच्या काळ्या मातीतील आणि कोकणच्या जांभ्यातील लोहखनिजामुळे यंत्र फसवे इशारेही देते. जमिनीत रेडिओलहरी सोडून आतील वस्तू ताडणारे रडार चिकण काळ्या मातीत फार खोल पाहू शकत नाही, कारण ओलसर चिकणमाती त्या लहरी शोषून घेते.

यंत्राला जिथे मर्यादा पडते तिथे मांत्रिक पुढे येतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्या पायाळू माणसाला डोळ्यांत अंजन घातल्यावर भूमिगत धन दिसते, ही समजूत जुनी आहे, आणि धनावर नाग राखण बसतो व त्याला बळी द्यावा लागतो, या समजुतीने माणसांचे जीवही घेतले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये गुन्हा ठरवली असून त्यांना सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे.

दावा शाबूत असला, तरी तो दुसऱ्याच्या जमिनीत शिरण्याचा परवाना नव्हे. रात्री कुदळ घेऊन जाणारा वारस मालकाच्या फिर्यादीला आणि गावाच्या संशयाला सारखाच पात्र ठरतो. त्यापेक्षा मालकाला विश्वासात घेऊन खोदाईची जागा, नुकसानभरपाई आणि सापडलेल्या वस्तूंतील हिस्सा यांचा लेखी करार करणे श्रेयस्कर. तो करताना मुलींसह सर्व वारसांची संमती घेतली, तर पुढची भाऊबंदकीही टळते.

जमीन अजून विकायची आहे अशा कुटुंबांसाठी मात्र कायद्याने याहून सोपी वाट ठेवली आहे. हस्तांतराच्या दस्तात जमिनीतील निधीचा हक्क राखून ठेवला असेल, तर तो राखणाऱ्यालाच या कायद्यापुरता जागेचा मालक समजावे, असे कलम ३ सांगते. खरेदीखतात तसे एक वाक्य घालायला विक्रेत्याला वेगळा खर्च येत नाही, आणि सही करण्यापूर्वी स्वतःच्याच परसात खोदून पाहायला कोणाची परवानगीही लागत नाही.