रुईच्या पानापासून चंद्रापर्यंत

वाशिम जिल्ह्यात रुईला कुणी खत घालत नाही, पाणी देत नाही. बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक रानात ती आपली आपण वाढते. शेळीसुद्धा तिला सहसा तोंड लावत नाही. शनिवारी मारुतीला पानांची माळ, एवढीच काय ती तिची विचारपूस. पण तिचं पान एकदा उलटून पाहा. मिलिमीटरभर उंचीचा पांढुरका ठिपका दिसला, तर आकड्यांची खाण सापडली म्हणून समजा! ते बिबळ्या कडव्याचं अंडं.

हे फुलपाखरू तुम्ही नक्की पाहिलं आहे. केशरी पंख, काळी किनार, पुढच्या पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके आणि उडणं अगदी संथ. पंख पसरले की सात-आठ सेंटीमीटर. त्या पंखाच्या एका चौरस मिलिमीटरवर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढीही नसलेल्या जागेत, शेकडो खवले कौलांसारखे रचलेले!

तीन ते पाच दिवसांत अंडं फुटतं. सुरवंट आधी स्वतःचं टरफल खातो आणि मग रुईवर तुटून पडतो. तिच्या चिकातलं विष तो अंगात साठवतो, म्हणून पुढे पक्षी फुलपाखराला चोच लावायला कचरतात. काळे, पांढरे, पिवळे पट्टे मिरवत तो दोनेक आठवडे नुसता खातो. याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदाचं, मोनार्कच्या सुरवंटाचं, वजन एवढ्या काळात सुमारे 2,000 पट होतं. 2,000 पट! बँकेत 500 रुपये टाकले आणि पंधरवड्यात दहा लाख झाले, असा हा वेग. तीन किलोचं तान्हं बाळ या चालीनं वाढलं, तर बारशाला थोडा उशीर होताच पाळण्यात 60 क्विंटल! आपल्याकडचा थोराड हत्तीही सहसा एवढा भरत नाही.

पुढचे नऊ ते पंधरा दिवस कोशात. म्हणजे उबदार दिवसांत महिन्याभरात अंड्यापासून फुलपाखरू तयार.

आता खरी गंमत. मादी पानापानावर एकेक अंडं ठेवत जाते. हिशेबाला सोपं म्हणून शंभर धरू, त्यातली निम्मी माद्या, आणि एकही पिल्लू मरत नाही असं मानू. मृगाच्या पावसात कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या कडेला एका मादीनं अंडी घातली. महिन्यानं शंभर फुलपाखरं. पंखाला पंख लावून ओळीत मांडली तर साडेसात मीटर, शेतातल्या विहिरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत. पोळ्यापर्यंत 5,000, रांग 375 मीटर. अकोला-पूर्णा मार्गावर सोळा डब्यांची गाडी उभी आहे असं समजा. गणपती उठेपर्यंत अडीच लाख आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा पाचवा हिस्सा व्यापलेला. दसऱ्याला सव्वा कोटी! 2011 च्या जनगणनेत अख्ख्या वाशिम जिल्ह्याची माणसं होती सुमारे बारा लाख, म्हणजे माणशी दहा फुलपाखरं. रांग 937 किलोमीटर. मुंबईहून पुण्याला जा, परत या, असं तीनदा करा, तरी ती उरते. दिवाळीला साडेबासष्ट कोटी, पृथ्वीला विषुववृत्तावर पूर्ण वेढा घालून वर हजारो किलोमीटर शिल्लक! आणि संक्रांतीच्या आत 3,125 कोटी. रांग 23 लाख 43 हजार किलोमीटर. दसऱ्याला ज्या रांगेत पुण्याच्या तीन फेऱ्या होत होत्या, तिच्यात आता चंद्राच्या तीन फेऱ्या होतात. जाऊन-येऊन!

सहा महिने, सहा पिढ्या, एक मादी.

प्रत्यक्षात बांधावरची संख्या टिकून राहायची, तर शंभरातली सरासरी दोनच जगून वीण पुढे चालवतात. उरलेल्या 98 चा हिशेब कोण चुकता करतं? अंडी पळवणाऱ्या मुंग्या, सुरवंटाच्या अंगावर अंडी घालणाऱ्या इवल्या माश्या, जाळं लावून बसलेले कोळी, पानाआड टपलेले प्रार्थना कीटक. चंद्राला तीनदा गाठून परतणारी ती रांग ही मंडळी दर मोसमात रुईच्या झुडपावरच अडवून धरतात.